पहिले साठ फूट

गाडी पुढे झेपावते तेव्हा
वजन मागे जातं.
अब्दिएलला हे अकरा वर्षं माहीत होतं
आणि अकरा वर्षं त्याची सिविक
पुढच्याच दोन चाकांवर जगत होती.
ऐन सुटायच्या क्षणी नाक वर,
ज्यांनी ओढायचं तीच अर्धी अधांतरी,
रबर जळतंय, गाडी जागच्या जागी,
आणि मागची दोन
वरातीतल्या पाहुण्यांसारखी
नुसती सोबत आलेली.

सालिनासच्या पट्टीवर पहिले साठ फूट
एक पूर्णांक सहा सेकंद.
पुढे मग कितीही धावा,
उशीर झालेलाच असतो.

बायामोनच्या भंगारात सापडली ती सीआरव्ही,
वादळात टपापर्यंत बुडालेली.
दारांच्या पोकळीत वाळलेला गाळ,
सीटखाली औषधांच्या दुकानाची पावती:
रक्तदाबाच्या गोळ्या, मेणबत्त्या, बर्फ दोन पिशव्या.
मी ती खिशात घातली. कशाला, ते विचारू नका.
अब्दिएल तोवर गाडीखाली उताणा,
मागच्या डिफरन्शियलचे बोल्ट मोजत होता,
माणसं मण्यांची माळ मोजतात तसे.

वेल्डिंग माझ्याकडे.
एरवी मी पाण्याच्या टाक्या सांधते,
त्यामुळे गळकं काय असतं ते मला कळतं.
ग्राइंडर लावला, सिविकचा तळ मधोमध कापला,
मागे स्टेपनीचा खड्डा होता, तोही गेला.
शाफ्टला वाट हवी होती
आणि वाट म्हणजे कुणाचं तरी पोट फाडणं.

मोन्सेराते म्हातारा खुर्ची टाकून बघत होता.
"माझ्या आजाच्या उसाच्या गाडीला
मागून बैल जुंपलेला कुणी पाहिला नाही."
मी म्हटलं, "तुमचे बैल जोर लावताना
हवेत उचलले जात नव्हते."
तो हसला नाही. सिगार उलटा धरून बसला.

पेट्रोलची टाकी उतरवली
तर तिच्या माथ्यावर
दहा नंबरचा पाना.
गंजलेला, शांत.
याच पान्यावरून अब्दिएलने
मावसभावाशी, यामिलशी,
चार वर्षं अबोला धरला होता.
चोर म्हणाला होता त्याला, आईदेखत.
पाना त्याने विजारीला पुसला
आणि काही न बोलता खोक्यात टाकला.

शनिवारी रात्री दिवे उतरत आले,
पिवळा, पिवळा, पिवळा,
लोक धुराची वाट बघत होते.
धूर नाही. किंचाळी नाही.
फक्त गाडी होती तिथे नव्हती.
एक पूर्णांक तीन.
मोन्सेराते खुर्चीवरून उठला, एवढं मी पाहिलं.

तिसऱ्या फेरीला खालून आवाज आला,
मोठं हाड मोडावं तसा,
आणि शाफ्टचे दोन तुकडे
आमच्याआधी रेषेपलीकडे गेले.

अकरा वर्षांत असं काही तुटलं नव्हतं.
तेव्हा जोराला पळवाट होती,
चाकातून धुरात, धुरातून वाऱ्यावर.
घसरण ही मायाच होती म्हणायची.
आता चारही चाकांनी भुई धरली
आणि निसटायला जागा न मिळालेला जोर
आत आत चाचपत गेला:
कच्चं कोण आहे?

तुकडे गरम होते, हातमोजे घालून उचलले.
तसा दुसरा शाफ्ट सबंध बेटावर
एकाच्याच माडीवर पडून आहे
हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.
कुणी नाव घेतलं नाही.
डास चावत होते. कुणीतरी मक्याची भजी आणली.
शेवटी मीच फोन लावून त्याच्या हातात दिला.
"पाना सापडला म्हण. एवढंच म्हण."

तो म्हणाला.
पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज.
मग यामिल म्हणाला,
"कुठला पाना?"